चोपडीच्या पहिल्या पानावरची बुद्धी

दिवाळीच्या संध्याकाळी चोपडापूजन होते. हिशेब संगणकावर गेले असले, तरी अंधेरीतील अनेक जैन व्यापारी कुटुंबांत आजही लाल कापडी बांधणीची निदान एक चोपडी मुहूर्तावर आणली जाते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री'चा मनोरा रचला जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मागणी लिहिली जाते. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य, बाहुबलींचे बल आणि अभयकुमारांची बुद्धी आम्हांस लाभो, असा तिचा आशय असतो.

या यादीकडे जरा थांबून पाहावे. व्यापाऱ्याला ज्याची पदोपदी गरज, त्या स्मरणशक्तीची मागणी तीत नाही. मागितली आहे ती बुद्धी. कारण उघड आहे. स्मरणाचे काम करण्यासाठीच तर चोपडी आणलेली असते. डोक्यात किती मावते आणि किती काळ टिकते, याचा अनुभव आपल्या पूर्वजांनी घेतला होता. म्हणून त्यांनी स्मरणाचा भार कागदावर सोपविला आणि विचारासाठी डोके मोकळे ठेवले.

आज मात्र आपल्या घरांत उलटे चित्र दिसते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांच्या दिवसांत रात्री दीड-दोनला इमारतींच्या खिडक्यांतून दिवे जळत असतात. मुलाने सारे पाठ करावे, कमी झोपावे, आणि तरीही परीक्षागृहात त्याची बुद्धी तल्लख राहावी, अशी आपली अपेक्षा असते. स्मृती, निद्रा आणि समस्या सोडविण्याची बुद्धी या तीन गोष्टींचा परस्परसंबंध मानसशास्त्राने गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत बराच उलगडला आहे. त्यातील पुष्कळसे आपल्या परंपरेला परके नाही. ते समजून घेणे आपल्या मुलांच्या, आपल्या भागीदारीच्या आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्याही हिताचे आहे.

अवधान : चमत्कार की अभ्यास?

इ. स. १८८७ मध्ये मुंबईच्या धोबीतलाव भागातील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने शतावधानाचा प्रयोग केला. शंभर निरनिराळ्या गोष्टी एकामागून एक, मध्येच तुटक स्वरूपात त्याच्यापुढे मांडल्या गेल्या आणि त्याने त्या सर्व ध्यानात ठेवून अचूक सांगितल्या. हा तरुण म्हणजे सौराष्ट्रातील ववाणिया येथे १८६७ साली जन्मलेले श्रीमद् राजचंद्र. पुढे १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या मोहनदास गांधींची त्यांच्याशी मुंबईत, डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी भेट झाली. गांधीजींनी आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्द त्यांना ऐकविले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत ही हकीकत नोंदविली आहे. पण त्याच ठिकाणी ते लिहितात, की आपण भारावलो ते या स्मरणशक्तीने नव्हे. मोत्ये आणि हिरे यांचा मोठा व्यापार करीत असतानाही या माणसाचे चित्त आत्मज्ञानाकडे लागलेले होते, त्याचा प्रभाव आपल्यावर पडला. स्वतः राजचंद्रांनीही तरुणपणीच असे जाहीर प्रयोग करणे सोडून दिले.

ही परंपरा खंडित झालेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये मुनिश्री अजितचंद्रसागरजी यांनी हजारो श्रोत्यांसमोर पाचशे अवधाने केली. असा प्रयोग पाहून घरी परतताना प्रत्येक पालकाच्या मनात एकच प्रश्न येतो : माझ्या मुलाला हे साधेल का?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी स्मृतीची साधी रचना पाहू. मानसशास्त्रज्ञ स्मृतीचे तीन टप्पे मानतात. प्रथम माहिती मनात येण्याजोग्या रूपात बदलते, नंतर ती साठवली जाते आणि शेवटी गरजेच्या वेळी पुन्हा बाहेर काढली जाते. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे सांगितले आहेत. काहीतरी आहे एवढी प्रथम जाण, ते काय असावे ही जिज्ञासा, ते हेच हा निर्णय आणि त्या निर्णयाचे मनात टिकणे, असा हा क्रम आहे. दोन्ही मांडण्यांचे हेतू वेगळे आहेत, त्यामुळे त्यांची ओढूनताणून एकवाक्यता करण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट दोन्हींत समान आहे. धारणा ही शेवटची पायरी आहे. ज्याकडे लक्षच गेले नाही, ज्याविषयी जिज्ञासा झाली नाही, ज्याचा अर्थ ठरला नाही, ते टिकत नाही. 'अवधान' या शब्दाचा मूळ अर्थही लक्ष देणे हाच आहे.

एका वेळी मनात किती मावते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सुमारे सात, म्हणजे पाच ते नऊ घटक, अशी मांडली. पुढील संशोधकांनी ती चारच्या आसपास आणली. मग शंभर आणि पाचशे कसे मावतात? याचे एक उत्तर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळते. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सामान्य स्मरणशक्तीच्या महाविद्यालयीन तरुणाला रोज आकडे ऐकवून परत म्हणावयास लावले. आरंभी त्याला सात आकडे साधत. सुमारे वीस महिन्यांत, दोनशे तीस तासांच्या सरावानंतर, तो एकोणऐंशी आकडे बिनचूक सांगू लागला. तो धावपटू होता. तीन-चार आकड्यांचा गट करून तो त्यांना शर्यतीच्या वेळांचा अर्थ देई. सुटे आकडे त्याने ओळखीच्या गाठोड्यांत बांधले होते. पण आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तोच तरुण पुन्हा सहावर आला.

पालकांनी यातील दोन्ही बाजू पाहाव्यात. स्मरण अभ्यासाने विलक्षण वाढते, ही पहिली. ते ज्या विषयात वाढविले त्याच विषयात वाढते, ही दुसरी. आकड्यांची यादी पाठ करण्याच्या वर्गाला घातल्याने मुलाचे रसायनशास्त्र आपोआप पक्के होत नाही. मुनींच्या अवधानामागे तर मौन, स्वाध्याय आणि एकाग्रतेची वर्षानुवर्षांची साधना असते. सुट्टीतील शिबिर तिची जागा घेऊ शकत नाही.

विस्मरणाचा उतार आणि स्वाध्यायाचे पाच प्रकार

जर्मन अभ्यासक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ केल्या आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले. वीस मिनिटांनंतर सुमारे अठ्ठावन्न टक्के, एका तासानंतर चव्वेचाळीस, एका दिवसानंतर चौतीस आणि एका महिन्यानंतर एकवीस टक्के श्रम वाचत असत. विस्मरण सुरुवातीला वेगाने होते, नंतर मंदावते. म्हणजे जे आज वाचले, त्याची उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री करण्यापेक्षा उद्याच करणे लाभाचे.

यक्षा आणि तिच्या सहा बहिणींची कथा आपण ऐकलेली आहे. आर्य स्थूलभद्रांच्या या बहिणींपैकी यक्षेला एकदा ऐकलेले पाठ होई, दुसरीला दोनदा ऐकल्यावर, तिसरीला तीनदा, आणि अशा क्रमाने सातवीला सात वेळा ऐकल्यावर. नंदराजाच्या दरबारात वररुचीने रचलेले श्लोक या बहिणींनी एकीमागून एक म्हणून दाखविले. थोरलीने म्हटले की दुसरीचे ऐकणे दोनदा होई, दुसरीने म्हटले की तिसरीचे तीनदा. कथा ऐकताना आपण यक्षेचे कौतुक करतो. परंतु सातवी बहीणही दरबारात अडखळली नाही, हे विसरतो. तिला सात आवृत्त्या लागल्या, एवढेच. ज्या घरात एक मूल एकपाठी आहे आणि दुसऱ्याला सात वेळा सांगावे लागते, त्या घराने ही कथा शेवटापर्यंत ऐकावी.

आवृत्ती कशी करावी, याविषयीही संशोधन झाले आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. इतरांनी तो मिटून ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते : एक्क्याऐंशी टक्के विरुद्ध पंचाहत्तर. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांना बेचाळीस टक्के आठवले, तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना छप्पन्न टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो.

आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचन हा त्यांतील केवळ पहिला. त्यानंतर शंका विचारणे, न पाहता आवृत्ती करणे, अर्थावर चिंतन करणे आणि शेवटी दुसऱ्याला समजावून सांगणे. पाठशाळेत प्रतिक्रमणाची सूत्रे शिकलेल्या मुलाला ही पद्धत ठाऊक असते. गुरुजी गाथा देतात, मूल दुसऱ्या दिवशी ती पुस्तक न पाहता म्हणून दाखविते, आणि मगच पुढची गाथा मिळते. तेच मूल शाळेचा इतिहास मात्र रंगीत रेघा मारीत चार वेळा वाचते. पाठशाळेची रीत शाळेच्या अभ्यासाला लावून पाहावी. त्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही.

आठवण म्हणजे नोंद नव्हे

स्मृतीचा आणखी एक स्वभाव आहे आणि व्यापारी कुटुंबांना त्याची झळ सर्वांत अधिक बसते. आठवण ही जशीच्या तशी जपलेली नोंद नसते. प्रत्येक वेळी आठवताना मन ती नव्याने रचते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखविली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता? इतरांना 'चुराडा होऊन आदळल्या' अशा अर्थाचा शब्द वापरून तोच प्रश्न केला. दुसऱ्या गटाने वेग अधिक सांगितला. आठवड्याने दोघांनाही विचारले, काचा फुटलेल्या पाहिल्या का? सौम्य शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जणांनी होय म्हटले, तीव्र शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. कोणी खोटे बोलले नव्हते. प्रश्नातील एका शब्दाने आठवण बदलली होती.

आता आपल्या घरांकडे पाहा. दोन भावांची भागीदारी असते. पंधरा वर्षांपूर्वी वडिलांनी दुकानाच्या वरच्या मजल्याविषयी काही म्हटलेले असते. कागद झालेला नसतो, कारण घरच्या घरात कागद कशाला? वडील जातात. थोरल्याला स्पष्ट आठवते की बापूजींनी जागा सामाईक ठेवण्यास सांगितले. धाकट्याला तितकेच स्पष्ट आठवते की ती त्याला दिली. दोघांनीही ती आठवण आपापल्या खोलीत, आपापल्या पत्नीशी बोलताना, आपापल्या शब्दांत शेकडो वेळा पुन्हा रचलेली असते. मग दोघांनाही एकच निष्कर्ष सुचतो : दुसरा खोटे बोलतो आहे. मजल्याची वाटणी कधीतरी होतेही. पण 'भाऊ खोटे बोलला' ही गाठ मुलांच्या लग्नापर्यंत सुटत नाही.

दोघेही प्रामाणिक असू शकतात, हे मानसशास्त्राचे सांगणे आहे. एकाच वस्तूविषयीची दोन विधाने आपापल्या अपेक्षेने ग्राह्य असू शकतात, हे अनेकान्त आपल्याला लहानपणापासून शिकवितो. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना आपण झालेल्या चुकीची क्षमा मागतो. जेथे चूक कोणाची हेच ठरत नाही, जेथे दोन आठवणी समोरासमोर उभ्या आहेत, तेथे या शब्दांची गरज अधिक असते. आणि व्यवहाराच्या अंगाने पाहिले, तर उपाय चोपडीचाच आहे. प्रेम असेल तेथेच आधी लिहून ठेवावे. लिहिणे हे अविश्वासाचे लक्षण नसून आपल्या स्मृतीच्या मर्यादेची जाण आहे.

आपल्या आचार्यांनीही हेच केले. दिगंबर परंपरेनुसार श्रुत लुप्त होईल या चिंतेने गिरनारच्या धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला. श्रुतपंचमी हा त्याचा उत्सव. श्वेतांबर परंपरेनुसार महावीरनिर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथबद्ध करण्यात आले. कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांची पूजा करतो, आणि तीच तिथी लाभपंचम म्हणून दुकानांचा मुहूर्त करतो. ज्ञान आणि लाभ यांची तिथी एकच असणे सूचक आहे.

निद्रा : शत्रू की मुनीम?

निद्रेविषयी आपल्या मनात एक अढी असते. शास्त्राने निद्रेची गणना दर्शनावरणीय कर्मात केली आहे, मग झोप जितकी कमी तितके बरे, असा त्याचा अर्थ काढला जातो. कर्मग्रंथांतील वर्णन मात्र बारकाईने वाचण्याजोगे आहे. तेथे निद्रेचे पाच प्रकार आहेत. सहज जाग येते ती निद्रा, कष्टाने जाग येते ती निद्रानिद्रा, बसल्या किंवा उभ्या जागी लागते ती प्रचला, चालता चालता लागते ती प्रचला-प्रचला, आणि दिवसा चिंतिलेले काम माणूस रात्री झोपेतच उठून करून येतो ती स्त्यानगृद्धी. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये अंधेरीहून दांडीला धरून उभ्याउभ्या पेंगणारा प्रवासी हे प्रचलेचे नित्य दर्शन होय. झोपेत चालण्याचा विकार प्रामुख्याने गाढ, स्वप्नरहित झोपेत उद्भवतो, हे आजचे वैद्यक सांगते.

शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला : झोपेच्या काही काळात मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात आणि त्या वेळी बहुधा स्वप्ने पडत असतात. झोप एकसारखी नसते, हे तेव्हापासून स्पष्ट झाले. साधारण दीड तासाचे एक आवर्तन असते आणि रात्रीतून अशी चार-पाच आवर्तने होतात. पहिल्या भागात गाढ झोप अधिक, पहाटेकडे स्वप्नांची झोप अधिक. दिवसभरात आलेले अनुभव मेंदूच्या आतील हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते नोंदले जातात आणि गाढ झोपेत त्यांची पुन्हा उजळणी होऊन ते मेंदूच्या बाह्य पटलात स्थिर होऊ लागतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर दिवसभराच्या रोजमेळातील नोंदी रात्री खातेवहीत चढविल्या जातात. हे काम करणारा मुनीम झोपेतच येतो. त्याला दाराबाहेर ठेवले, तर रोजमेळ भरलेला राहतो आणि खातेवही कोरी.

१९२४ साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करावयास दिल्या होत्या. आठ तासांच्या झोपेनंतर त्यांना निम्म्याहून अधिक आठवल्या, आठ तास जागे राहिल्यानंतर जेमतेम दहांतील एक. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि प्रौढांना किमान सात तास झोप हवी, असे निद्राविषयक वैद्यकीय संस्था सांगतात. ज्या मुलाची शाळा सातला भरते, शिकवणीचा वर्ग रात्री साडेआठला सुटतो आणि उशाशी मोबाइल असतो, त्याचा हिशेब आपणच मांडावा.

मोठ्यांचा हिशेब याहून बरा नाही. अंधेरीत १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झमधील दागिन्यांचे कारखाने परदेशांशी व्यवहार करतात आणि अमेरिकेतील ग्राहकाचा दिवस उजाडतो तेव्हा आपली रात्र झालेली असते. २००० साली विल्यमसन आणि फायर यांनी दाखवून दिले, की सलग सतरा ते एकोणीस तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते. वाहन चालविताना आपल्या कायद्याने ठरविलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्याच्या घराण्यात मद्याला कधी हात लागला नाही, असा श्रावक पहाटे पाचला उठून रात्री बारा वाजता स्वतः गाडी चालवीत घरी येतो, किंवा त्या अवस्थेत लाखाच्या मालाचा भाव ठरवितो, तेव्हा तो नकळत त्याच अवस्थेत असतो.

मग शास्त्राचे काय? उत्तराध्ययनसूत्रात मुनींसाठी रात्रीचे चार प्रहर सांगितले आहेत : पहिल्यात स्वाध्याय, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात निद्रा, चौथ्यात पुन्हा स्वाध्याय. सर्वसंगपरित्यागी साधूलाही निद्रेचा नेमलेला प्रहर आहे. निषेध आहे तो प्रमादाचा. रात्री दोनपर्यंत पडद्यावर बोट फिरवीत राहणे हे जागरण असले, तरी अप्रमाद नव्हे. चौविहार पाळणाऱ्या घरांत स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वी आवरलेले असते. त्या घरांना वेळेवर निजणे खरे तर इतरांपेक्षा सोपे असावे. सायंकाळचे प्रतिक्रमण हा तर दिवसाचा जमाखर्च मिटविण्याचाच विधी आहे. प्रतिक्रमणाचे प्रयोजन आत्मशुद्धी हे आहे, झोप लागणे नव्हे. तथापि मनातील उरलेली कामे मिटवून निजण्याचा लाभ लौकिक प्रयोगांतही दिसला आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील एका प्रयोगात, २०१८ साली, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

कोरड्या विहिरीतील अंगठी

आता अभयकुमारांच्या बुद्धीकडे येऊ. श्रेणिक राजाने कोरड्या विहिरीत अंगठी टाकविली आणि काठावर उभे राहून जो ती हाताने काढील त्याला मुख्य मंत्री करीन, असे जाहीर केले. भल्याभल्यांनी विहिरीत डोकावून पाहिले आणि हात हालवीत परत गेले. बाल अभयकुमाराने अंगठीवर ओले शेण टाकले, वर पेटते गवत टाकून ते वाळविले, मग शेजारच्या विहिरीचे पाणी आत सोडले. वाळलेली गोवरी तरंगत काठापर्यंत आली आणि तिच्यात रुतलेली अंगठी त्याने उचलून घेतली.

इतर सारे 'मी अंगठीपर्यंत कसा पोहोचू' असा विचार करीत होते. अभयकुमाराने प्रश्न बदलला : अंगठी माझ्यापर्यंत कशी येईल? मानसशास्त्रात याला मर्मदृष्टी म्हणतात. कार्ल डुंकर यांनी १९३० च्या दशकात केलेला एक प्रयोग याच जातीचा आहे. एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवावयास सांगितले. उपाय सोपा होता : खोके रिकामे करून भिंतीला टाचायचे आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. पण खोके टाचण्या 'ठेवण्यासाठी' आहे, या पक्क्या समजामुळे अनेकांना ते सुचले नाही. खोके रिकामे दिले, तेव्हा उपाय लवकर सापडला. शेणाचा उपयोग सारवण्यासाठी आणि जळणासाठी हे सर्वांना ठाऊक होते. ते अंगठी पकडू शकते, हे अभयकुमारालाच दिसले.

अशी दृष्टी आणि झोप यांचाही संबंध आहे. जर्मनीतील ल्युबेक विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. आकड्यांचे लांबलचक कोडे होते आणि त्यात एक छुपा नियम दडला होता. तो सापडला की काम चुटकीसरशी होई. मध्यंतरी आठ तास झोपलेल्या बावीस जणांपैकी तेरा जणांना तो नियम सापडला. तेवढाच वेळ जागे राहिलेल्या बावीसांच्या दोन गटांत प्रत्येकी पाच जणांना. मात्र झोपण्याआधी सर्वांनी त्या कोड्यावर काम केलेले होते, हे लक्षात ठेवावे. ज्याने प्रश्न हाती घेतलाच नाही, त्याला उशी उत्तर देत नाही. मोठा सौदा, कर्ज, भागीदारीतून बाहेर पडण्याचा निर्णय अशा गोष्टी रात्री पूर्ण समजून घ्याव्यात आणि होकार सकाळी द्यावा, हा जुन्या शेठजींचा रिवाज या प्रयोगाने अधिकच सयुक्तिक ठरतो.

नंदीसूत्रात बुद्धीचे चार प्रकार आहेत. अभयकुमारासारखी ऐनवेळी स्फुरते ती औत्पत्तिकी, गुरुजनांच्या विनयाने येते ती वैनयिकी, काम करता करता हातात येते ती कार्मिकी आणि वयाबरोबर पिकते ती पारिणामिकी. कार्मिकीच्या उदाहरणांत नाण्यांची पारख करणारा येतो. हिरेबाजारात भिंगाखाली खडा धरताच त्याची प्रत ओळखणारा कारागीर त्याचाच वारस. परीक्षेतील गुण या चारांपैकी फार थोड्या भागाचे मोजमाप करतात.

याच परंपरेत रोहकाची कथा आहे. राजाने एक मेंढा पाठविला आणि पंधरा दिवसांनी तो परत करताना वजन वाढता किंवा घटता कामा नये, अशी आज्ञा केली. रोहकाने मेंढ्याला भरपूर चारा दिला आणि त्याच्यासमोर लांडगा बांधला. चाऱ्याने वाढलेले भयाने झिजले. आपण परीक्षेच्या दिवसांत मुलांना बदाम देतो, दूध देतो, वातानुकूलित खोली देतो, आणि समोर शेजाऱ्याच्या मुलाचे गुण बांधून ठेवतो. मग अंगी काही लागत नाही म्हणून खंत करतो. लांडगा सोडावा, चारा आपले काम करील.

वडीलधाऱ्यांचे विस्मरण

शेवटी ज्यांच्याविषयी घरात कमी बोलले जाते, त्यांच्याविषयी. साठी-सत्तरीनंतर नाव पटकन न आठवणे, चष्मा कोठे ठेवला ते न सुचणे, हे वयाचे लक्षण आहे. परंतु आयुष्यभर तोंडी व्याज काढणाऱ्या आजोबांना साधी बेरीज जमेनाशी होणे, रोजच्या देरासरहून परतताना वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, तीच रक्कम दोनदा चुकती करणे, ही वयाची लक्षणे मानून सोडून देऊ नयेत. पेढीची अब्रू जाईल म्हणून ती झाकू तर मुळीच नये. लवकर तपासणी करावी. विस्मरणाची काही कारणे बरी होण्याजोगी असतात : थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधे, आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात मिळत नाही, दुधातून काही प्रमाणात मिळते. काटेकोर शाकाहारी आणि अल्पाहारी वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते तपासून घ्यावे.

ज्यांचे विस्मरण बरे होणार नाही, त्यांच्याही बाबतीत एक ध्यानात असू द्यावे. ताज्या घटना आधी पुसल्या जातात, लहानपणी हजारो वेळा म्हटलेले बहुधा उशिरापर्यंत टिकते. नातवाचे नाव चुकणाऱ्या आजींच्या ओठी नवकार अखंड असू शकतो. त्यांच्याशी वाद न घालता त्यांच्याबरोबर तो म्हणावा. त्यांनी आपल्याला सात वेळा, सत्तर वेळा सांगितले होते, तेव्हा आपल्याला ते आले. आता सत्तर वेळा सांगण्याची पाळी आपली आहे.